पूर ओसरल्यावर बाजार पुन्हा उभा कसा राहतो?

गोव्यातल्या साखळी शहराच्या बाजारात दोन पिढ्यांचं किराणा दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "वाळवंटी नदी चढायला लागली की आमच्या पोटात गोळा येतो. नदीला भिंती बांधल्या, पंप बसवले, पण उद्या याहून मोठं काही झालं आणि अख्खा बाजार गेला, तर शहर परत उभं राहायला किती वर्षं लागतील? त्यापेक्षा बाजार आत्ताच नदीपासून दूर हलवणं बरं नाही का? आणि सरकारी मदतीवर किती भिस्त ठेवायची?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून आधी माझं मत सांगतो आणि मग ते कशावरून झालं ते सांगतो. रस्ते, पूल, भिंती दोन-तीन वर्षांत होतात. धंदा पूर्वपदावर यायला दहा वर्षंही लागू शकतात, आणि काही शहरांत तो कधीच पूर्वपदावर येत नाही. हा फरक मुख्यतः दोन गोष्टींमुळे पडतो. दुकानात बसणाऱ्या माणसाच्या नावावर काय कागद आहे, आणि पहिल्या वर्षात त्याच्या हातात माल भरायला पैसा येतो की नाही. घर पडलं तर पंचनामा होतो आणि मालकाला कमी-जास्त मदत मिळते. बाजार मात्र बहुतेक ठिकाणी भाडेकरू चालवतात, आणि पुनर्वसनाच्या योजनेत सगळ्यांत उशिरा आठवण होते ती त्यांचीच. किल्लारीला मी नवशिका अभियंता होतो, पुढे भुजला बरंच काम केलं, २०२१ नंतर चिपळूणच्या व्यापाऱ्यांबरोबर बसलो. जागा बदलल्या, पण ही एक गोष्ट कुठेच बदलली नाही.

नुसतं बांधकाम झालं म्हणजे शहर सावरलं असं होत नाही, हे जपानमधल्या कोबे शहराने सगळ्या जगाला दाखवलं. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. त्याआधी कोबे हे कंटेनर हाताळणीत जगातलं सहाव्या क्रमांकाचं बंदर होतं. जपान्यांनी ते मार्च १९९७ पर्यंत पुन्हा सज्ज केलं. दोन वर्षांत एवढं काम ही मोठीच गोष्ट. पण त्या दोन वर्षांत जहाज कंपन्यांना कोरियातल्या बुसानची सवय लागली आणि धक्के नवे झाल्यावरही त्यांतल्या कित्येक कंपन्या परतल्या नाहीत. कोबेला जुनं स्थान पुन्हा मिळालं नाही. तुमचं दुकान सहा महिने बंद राहिलं तर वेगळं काय होईल? गिऱ्हाईक डिचोलीला जायला लागेल, तिथे त्याचं उधारीचं खातं उघडेल, आणि तुमचं शटर वर गेलं तरी ते खातं तिथेच राहील.

त्याच कोबेत नागाता नावाचा भाग होता. कृत्रिम चामड्याची पादत्राणं बनवणारे छोटे छोटे कारखाने, त्यांच्या खाली-वर राहणारी कुटुंबं, गल्लीतली दुकानं. भूकंपानंतरच्या आगीत यातलं पुष्कळ जळालं. शहराने तिथल्या सुमारे २० हेक्टरवर मोठ्या इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला. प्रकल्प जवळपास तीन दशकं रेंगाळला. जुन्या दुकानदारांना उंच इमारतींच्या तळमजल्यावर चकचकीत गाळे मिळाले, पण आजूबाजूचे कामगार आणि कारखाने विखुरले होते. गिऱ्हाईक कमी, देखभालीचा खर्च जास्त, आणि गाळा विकायला काढावा तर घेणारा नाही. जाहीर झालेल्या आराखड्यांत दुकानं होती, गिऱ्हाईक कुठून येणार हे नव्हतं. गोव्यात कुठलीही नगरपालिका नव्या मार्केट संकुलाचं रंगीत चित्र दाखवते तेव्हा मला आधी नागाता आठवतो.

आता भुजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एखादं जुनं शहर मापून पुन्हा मांडण्याचं इतकं मोठं काम मी दुसरीकडे जवळून पाहिलेलं नाही.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला. सुमारे १४ हजार मृत्यूंची अधिकृत नोंद आहे. कोटाच्या आतलं जुनं भुज अरुंद गल्ल्यांचं होतं. दोन्ही बाजूंची घरं गल्लीतच कोसळली आणि बचावाची वाहनं आत जाऊ शकली नाहीत. त्यामुळे पुन्हा बांधताना रस्ते रुंद हवेत याबद्दल फारसं दुमत नव्हतं. खरा वाद होता तो रस्त्यासाठी कोणाची जागा जाणार याचा. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात नगररचना योजना नावाची सोय आहे. एका भागातले सगळे भूखंड एकत्र धरायचे, रस्त्यांसाठी आणि मोकळ्या जागांसाठी प्रत्येकाकडून थोडा थोडा वाटा घ्यायचा आणि उरलेली जागा नीट आकारात ज्याची त्याला परत द्यायची. एरवी ही सोय शहराबाहेरच्या शेतजमिनींसाठी वापरतात. भुजमध्ये ती भरवस्तीत वापरली. कोटाच्या आतल्या भागासाठी अशा ८ योजना केल्या. अगदी लहान भूखंडातून काहीच घेतलं नाही आणि भूखंड मोठा होत जाईल तसा कापायचा वाटा वाढवत नेला. या एका निर्णयामुळे चार-पाच माणसांची उठबस होईल एवढ्याच जागेचा धनीही योजनेत टिकला. सगळ्यांना एकच टक्का लावला असता तर त्याच्या वाट्याला पायरीएवढीही जागा उरली नसती.

मोजणीचे दिवस मला अजून स्वच्छ आठवतात. कागद ढिगाऱ्याखाली गेलेले, शेजारी गावाबाहेर तंबूत, काही कायमचे गेलेले. अशा वेळी दुकान नक्की कुठून कुठपर्यंत होतं हे ठरवायचं कसं? चांदीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने ढिगारा उपसून घेतला आणि खाली आपल्या उंबऱ्याचा दगड शोधून काढला. मधोमध झिजून खोलगट झालेला. "याच्या उजव्या टोकापासून माझी भिंत," म्हणाला. शेजाऱ्याने मान डोलावली, मोजणीदाराने टेप लावली आणि नकाशावर रेघ उमटली. त्या गल्लीतल्या बऱ्याच हद्दी अशाच ठरल्या. दगड, विहीर, देवळाची पायरी आणि दोन शेजाऱ्यांची संमती यांवर. याला वेळ लागला. आराखडे मंजूर होऊन भूखंड हातात पडेपर्यंत दोनेक वर्षं गेली आणि तोवर कोटाच्या आत बांधकामाला बंदी होती. व्यापारी फार चिडले होते. त्यांचा राग मला तेव्हाही रास्त वाटत होता, आणि मोजणीही टाळता येण्यासारखी नव्हती. या कोंडीतून वाट काढायची तर पहिल्या महिन्यातच जवळच्या मोकळ्या जागेवर तात्पुरता बाजार बसवावा लागतो, तोही शक्यतो जुन्या शेजाराने, म्हणजे कापडवाल्याशेजारी कापडवाला आणि भांडीवाल्याशेजारी भांडीवाला. गिऱ्हाईकाची पावलं तेवढ्यानेच टिकतात.

भुजमध्ये मनाला लागून राहिलं ते भाडेकरूंचं. मदत मुख्यतः घराच्या मालकीवर आणि घराच्या नुकसानीवर मोजली गेली. ज्याचं घर त्याला हप्त्याहप्त्याने पैसे आणि भूखंड. कोटाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याने राहणारी माणसं मात्र पत्र्याच्या तात्पुरत्या वसाहतींत वर्षानुवर्षं पडून राहिली. शिंपी, रंगारी, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका. मालकाला नव्या जागेत जुना भाडेकरू नको होता, आणि भाडेकरूकडे बहुतेक वेळा पावतीसुद्धा नव्हती. शहराच्या नव्या रस्त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले तेव्हाही ही कुटुंबं पत्र्याखालीच होती.

कच्छच्या आर्थिक उभारणीचं श्रेय पुष्कळदा केंद्राने २००१ मध्ये दिलेल्या उत्पादन शुल्काच्या सवलतीला दिलं जातं. नवीन कारखान्याला पाच वर्षं माफी मिळाली, आणि कारखाना सुरू करण्याची मुदत वाढत वाढत डिसेंबर २००५ पर्यंत गेली. तिचा परिणाम झाला हे खरं. अंजार, गांधीधाम, मुंद्रा या पट्ट्यात कारखान्यांची रांग लागली, कारण तिथे बंदरं होती, जमीन होती आणि आता करही नव्हता. जिल्ह्याचा चेहरामोहरा बदलला. पण भुजच्या बांधणीचं कापड विकणाऱ्याला किंवा भांडीवाल्याला त्या सवलतीचा थेट उपयोग काही नव्हता. गोव्यात उद्या अशी वेळ आली तर करमाफीची मागणी सगळ्यांत आधी होईल आणि तिचा लाभ बाजारातल्या लहान दुकानाच्या वाट्याला येणार नाही. त्याला लागतं खेळतं भांडवल. त्याची मागणी वेगळी करावी लागते.

याच काळातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. धमडका गावचे अजरख नावाचं ठशांचं कापड छापणारे खत्री कारागीर. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात फरक पडला, लोह वाढलं, आणि अजरखचे रंग पाण्यावर अवलंबून असतात. मग त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी भुजजवळ पाणी पाहून जमीन घेतली आणि अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं. गाव हललं ते धंद्याच्या कारणाने, धंदा करणाऱ्यांनी स्वतः ठरवून, आणि ते टिकलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच सापडतं.

उरलेलं अर्धं आपल्या गोव्याच्याच इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत होती. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने आधी मोजणी करून घेतली, मोजणी होईपर्यंत वाटेल तसं बांधायला मनाई केली, आणि १७५८ मध्ये कायदा करून जुन्या वेड्यावाकड्या मालमत्तांच्या बदल्यात नव्या सरळ रस्त्यांवरचे भूखंड देण्याची पद्धत बसवली. व्यापाऱ्यांनी आयात मालावर ४ टक्के जादा कर स्वतःहून देऊ केला आणि त्यातून जकातघर आणि बाजाराची कामं झाली. नव्या रस्त्यांवर सोनार, चांदीवाले, कापडवाले असे धंदे वाटून दिले. राजवाड्यासमोरच्या मोठ्या चौकाला व्यापाराचं नाव मिळालं. लिस्बन उभं राहिलं.

त्याच पोंबालच्या सरकारने १७७० च्या दशकात जुनं गोवं पुन्हा वसवायचा हुकूम काढला. तोवर साथींनी आणि तापाने ते शहर रिकामं होत आलं होतं, पाणी दूषित होतं आणि डचांमुळे व्यापार आधीच बसला होता. हुकूम आला, कामं सुरू झाली, मजूर तापाने मेले आणि काम बंद पडलं. शेवटी १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला, तोही लोक आणि कचेऱ्या आधीच तिकडे सरकल्यानंतर. माणसं तीच, तंत्र तेच, सत्ता तीच. लिस्बनमध्ये बंदर आणि व्यापारी जागेवर होते. जुन्या गोव्यात रोगाचं कारण तसंच राहिलं होतं आणि व्यापार उरला नव्हता. हुकमाने इमारत बांधता येते, गिऱ्हाईक आणता येत नाही.

म्हणून साखळीचा बाजार हलवावा का, याला माझं उत्तर: अख्खा हलवू नका. बाजार तिथे आहे तो बसस्थानक, देऊळ, दवाखाना, बँक आणि डोंगराकडच्या गावांतून येणारी वाट या सगळ्यांमुळे. सत्तरीतून भाजी-फळं घेऊन उतरणाऱ्या बायका बसमधून जिथे उतरतात तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बाजार लागतो. दोन किलोमीटरवर पठारावर चकचकीत संकुल बांधलं तर त्या तिथे रिक्षा करून जाणार नाहीत. रस्त्याच्या कडेला बसतील, आणि मागोमाग गिऱ्हाईकही तिथेच थांबेल. किल्लारी परिसरात १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी नेली. घरं भक्कम झाली, याबद्दल मला आजही समाधान आहे. पण रस्ते इतके रुंद आणि घरं इतकी लांब लांब झाली, की शेत दूर गेलं आणि दारात बसून होणारा छोटा धंदा मोडला. लोकांनी पुढे स्वतःच्या सोयीने भिंती घातल्या, टपऱ्या टाकल्या, अंगणं जोडली, आणि तेव्हा कुठे त्या वसाहतींना गावपण आलं.

हलवायचीच तर गोदामं हलवा. घाऊक माल, सिमेंट, खत, धान्याच्या राशी बाजारपेठेत खालच्या पातळीवर ठेवायचं काही कारण नाही. दुकानात आठवड्यापुरता माल आणि बाकीचा उंचावरच्या गोदामात, एवढं केलं तरी पुराचं नुकसान निम्म्याहून खाली येऊ शकतं. नवीन बांधकाम करणाऱ्याला जोतं माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेच्या वर घ्यायला लावा. विजेचा बोर्ड आणि मीटर खांद्याच्या उंचीवर. माळा पक्का, वर चढायचा जिना कायमचा, रात्री दोन वाजता दोन माणसांनी पोती वर नेता येतील असा. जुन्या मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती पुरात उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर दोन-चार दिवसांनी बसतात. म्हणून पूर गेल्यावर लगेच आत राहायला जाऊ नये.

नदीबद्दल थोडक्यात. २३ जुलै २०२१ ला म्हादईने सत्तरी आणि फोंड्यात जे केलं ते ताजं आहे, काणकोणने २ ऑक्टोबर २००९ ला काय पाहिलं तेही लोक विसरलेले नाहीत. दोन्ही वेळा डोंगरावरचा पाऊस थोड्या तासांत खाली आला. आपल्या नद्यांना अशा वेळी पसरायला जागा लागते. खाणपट्ट्यातल्या मातीने तळ वर आले आहेत, खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्याकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतीचे) बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, दुर्लक्षित आहेत, काही ठिकाणी शेतात भराव पडला आहे. भरतीची वेळ आणि वरचं पाणी एकत्र आलं की ते पाणी जाणार कुठे? भिंतीमुळे बाजार वाचतो, पण भिंतीच्या आतलं पावसाचं पाणी पंपावर अवलंबून राहतं, आणि पंप विजेवर. पावसाळ्याआधी पंप जनरेटरवर चालवून दाखवा आणि अंजुणे धरणाचं पाणी सोडायच्या आधी बाजाराला इशारा कोण, कसा देणार ते लेखी ठरवा, या दोन गोष्टी बाजार संघटनेने दरवर्षी मे महिन्यात मागितल्याच पाहिजेत. चिपळूणच्या नागरिकांनी २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्यासाठी आळीपाळीने उपोषण केलं तेव्हा कुठे काम हललं.

आता तिसरा प्रश्न, सरकारी मदतीचा. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं. महाराष्ट्र सरकारने त्यानंतर जी मदत ठरवली तीत दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५० हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम, आणि टपरीवाल्याला त्याच धर्तीवर १० हजारांपर्यंत. मदत मिळाली ती बरी झाली, पण ज्या दुकानात १५-२० लाखांचा माल भिजला त्याला ५० हजारांत साफसफाई, शटर आणि वायरिंग यांपलीकडे काय होणार? शिवाय स्थानिक रहिवासी, मतदार यादीत नाव आणि रेशनकार्ड या अटी. बाहेरगावाहून येऊन दहा-पंधरा वर्षं धंदा करणारे यात अडकले. आपल्याकडेही अटींचं स्वरूप फार वेगळं असेल असं धरून चालू नका. सरकारी मदत म्हणजे दुकान धुऊन पुन्हा उघडण्यापुरता आधार, एवढंच गृहीत धरा.

चिपळूणच्या एका किराणा दुकानात मी बसलो होतो. मालक भिजलेल्या उधारीच्या वह्या पंख्याखाली पान पान सोडवून वाळवत होते. शाई उतरलेली, पानं चिकटलेली. भिंतीपेक्षा, फ्रिजपेक्षा, भिजलेल्या साखरेपेक्षा त्यांना त्या वह्यांची जास्त काळजी होती. कारण माल गेला तो गेला, पण गावात पसरलेले पैसे त्या वह्यांत होते. काही गिऱ्हाइकांनी स्वतः येऊन आपला आकडा सांगितला. काहींनी सांगितला नाही, आणि त्यांचीही घरं बुडालेली असताना मागायचं कसं? दुसऱ्या बाजूला घाऊक व्यापाऱ्याचं देणं होतंच. गोव्यात हा पेच आणखी वाईट, कारण आपला मोठा पूर जुलैत येतो आणि दुकानदार तेव्हा चतुर्थीचा माल भरायला लागलेला असतो. बेळगावहून, कोल्हापूरहून उधारीवर आलेला. म्हणजे वर्षातला सगळ्यांत जास्त माल आणि सगळ्यांत जास्त देणं नेमकं त्याच दिवसांत दुकानात. उधारीच्या पानांचे फोटो दर आठवड्याला मोबाइलवर काढून मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या गावी पाठवून ठेवा. याला पैसा लागत नाही.

विम्याचं ऐका. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही सर्व सामान्य विमा कंपन्यांत सारख्या अटींची पॉलिसी मिळते. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर हीच घ्यायची. पूर त्यात धरलेला आहे. इमारत तुमची नसली तरी आतल्या मालाचा विमा तुम्हाला स्वतःच्या नावाने काढता येतो, घरमालकाची सही लागत नाही. हे पुष्कळ भाडेकरूंना कोणी सांगितलेलंच नसतं. विम्याची रक्कम चतुर्थीच्या भरलेल्या दुकानाची धरा, मार्च महिन्यातल्या रिकाम्या फळ्यांची नको. आणखी एक गोष्ट हिशेबनिसाला विचारा: नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) कायद्याने परत करावी लागते. म्हणजे माल गेला आणि वर कराचा भुर्दंडही. विम्याची रक्कम ठरवताना हा कर धरला नसेल तर तेवढी खोट खिशातून जाते.

बँकेचं असं, की आपत्ती जाहीर झाली की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार जुन्या कर्जाची मुदत वाढवून देता येते आणि नवं खेळतं भांडवलही देता येतं. पण मुदतवाढीची सोय मुख्यतः आपत्तीच्या वेळी खातं थकीत नसलेल्याला मिळते. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर हप्ता थकवू नका. अर्जासाठी व्यवस्थापक बोलावील म्हणून थांबू नका, बाजारातल्या वीस-पंचवीस जणांनी एकत्र जा. एकट्या दुकानदाराचा अर्ज टेबलावर राहतो. बाजार संघटनेचा अर्ज जिल्ह्याच्या बैठकीत जातो.

आणि आता कागद. गोव्यात हा विषय सगळ्यांत अवघड आहे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद, काढून पाहा. किती घरांवर आणि दुकानांवर आजोबा-पणजोबांची नावं आहेत, वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले, आणि वाटणीची इन्व्हेंटरी प्रक्रिया न्यायालयात सुरूच केलेली नाही. आपल्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, मुलांचा हक्काचा हिस्सा, म्हणजे प्रत्येक पिढीत सह्या वाढत जातात. साधे दिवस असतात तेव्हा हे कोणाला खुपत नाही. इमारत पडली की मात्र बांधकाम परवान्याला, कर्जाला, मदतीच्या अर्जाला त्या सगळ्या सह्या लागतात. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, तसंच. १९७५ च्या कायद्याने त्याला घराचं संरक्षण आणि ते विकत घेण्याचा हक्क दिला, पण मामलेदाराकडे नोंद केलेली नसेल तर पडलेलं घर पुन्हा बांधताना भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, हरकत येते आणि पावसाळा तोंडावर असतो. पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वसवलेल्या पूरग्रस्तांच्या सोसायट्या जागेच्या मालकीसाठी पन्नास वर्षं उलटल्यावरही सरकारचे उंबरठे झिजवत होत्या. घरं कधीच बांधून झाली होती. कागद राहिला होता.

दुकानाच्या भाडेकरूंनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, खालच्या जमिनीसह तो टिकून राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण हक्क टिकणं वेगळं आणि तो दाखवता येणं वेगळं. भाड्याच्या पावत्या, वीजबिल, नगरपालिकेचा व्यापार परवाना, जीएसटीचं प्रमाणपत्र, दुकानात उभं राहून काढलेला तारखेचा फोटो, हे सगळं एका ठिकाणी स्कॅन करून ठेवा. नगरपालिकेकडून मी एवढंच मागेन, की आत्ता, कोरड्या दिवसांत, बाजारातल्या प्रत्येक गाळ्याची नोंद करावी. मालक कोण, आत धंदा कोण करतो, कधीपासून, किती रुंद, किती खोल, जोत्याची उंची किती. बाहेर पथारी टाकून बसणाऱ्यांचीही. मासळी विकणाऱ्या बाईची जागा ठरलेली असते हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त कागदावर नसतं. कार्यालयातल्या दोन माणसांचं एका हंगामाचं काम आहे हे. भुजला हेच काम ढिगाऱ्यावर उभं राहून करावं लागलं.

किती वर्षं, हा तुमचा पहिला प्रश्न शेवटी घेतो. ही नोंद झालेली असेल, निम्म्या दुकानांचा विमा असेल, गोदामं वर गेलेली असतील आणि तात्पुरता बाजार पहिल्या महिन्यात बसला, तर दुसऱ्या चतुर्थीला साखळीचा बाजार जवळपास पूर्वीसारखा भरलेला दिसेल आणि चार-पाच वर्षांत देणी फिटतील. यातलं काहीच नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं पंचनामे, वारसांच्या सह्या आणि मालक-भाडेकरूंच्या दाव्यांत जातील. तेवढ्यात पुढची पिढी पणजीला किंवा परदेशात नोकरी धरेल, आणि रिकामे गाळे मोबाइल दुरुस्तीला किंवा दारूच्या दुकानाला भाड्याने जातील. तुमचं वय मला माहीत नाही, पण दोन पिढ्यांचं दुकान म्हणता त्याअर्थी घरात तिसरी असेल. या मे महिन्यात तिला सोबत घेऊन बाजार संघटनेची बैठक बोलवा, आणि नगरपालिकेला द्यायचा गाळ्यांच्या नोंदीचा अर्ज त्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. मसुदा हवा असेल तर मी करून देतो.